साने गुरुजी १२५ : 'श्यामची आई'ची कोणती प्रत घ्यावी?

कृष्णाकाठ | २ जानेवारी २०२५, रात्री ९.४०

२४ डिसेंबरला साने गुरुजींच्या जन्माला १२५ वर्षं पूर्ण झाली. ते निमित्त धरून भाचीसाठी मी 'श्यामची आई'ची 'खास स्मरण आवृत्ती' मागवली. भाची यंदा पाचवीत आहे. पुस्तक दिसायला देखणं आहे. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, आत रेशमी खूणदोरी, गुळगुळीत कागद आणि पानापानावर रंगीत चित्रं.

आमच्याकडे आजीची जुनी प्रत आहे. ती मॅट्रिक झाली तेव्हा, १९४८ साली, तिच्या वडिलांनी दिलेली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पाठ दोनदा खळ लावून चिकटवलेली आहे. परवा संध्याकाळी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला बसले आणि पहिल्याच पानावर थबकले.

नव्या प्रतीत सुरुवातीचा 'प्रारंभ' नाही. आश्रमातली मंडळी रात्री जमतात, प्रार्थना होते, मग श्याम सांगायला लागतो, हे सगळं काढून टाकलं आहे. जुन्या प्रतीत बेचाळीस रात्री आहेत, नव्या प्रतीत अठ्ठावीस. 'श्यामचे पोहणे' तर पूर्ण गायब. आणि पुस्तकावर आत-बाहेर कुठेही 'संक्षिप्त' हा शब्द नाही. उलट मलपृष्ठावर 'संग्राह्य' असं छापलंय.

मला राग आला त्यापेक्षा वाईट जास्त वाटलं. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार, या दिवशी नाशिकच्या तुरुंगात गुरुजी हे लिहायला बसले आणि सोमवारी, १३ तारखेला पहाटे उठले ते लिहून. आई १९१७ साली गेली होती. पंधरा वर्षं जे मनात साठलं ते पाच दिवसांत कागदावर आलं. ही एवढी गोष्टसुद्धा त्या खास आवृत्तीत कुठे नाही. मग ती खास कशाने?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पूर्ण संहिता असलेली चांगली प्रत कशी ओळखायची? आणि अशा निमित्ताने निघणाऱ्या आवृत्तीत खरं तर काय असायला हवं?

---

वकिली_बाणा | २ जानेवारी, रात्री १०.१५

हे का होतं त्याचं कारण सांगतो. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं स्वतःचं लेखन सर्वांसाठी खुलं झालं. ही मुदत आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते, त्या वेळी ती दहा वर्षांनी वाढवली.

२०११ नंतर कुणीही 'श्यामची आई' छापू शकतो, आणि बऱ्याच जणांनी छापली. ही चांगलीच गोष्ट आहे, स्वस्त प्रती खेडोपाडी पोचल्या. पण पूर्वी एक प्रकाशक संहितेला जबाबदार असायचा. आता दहा जण छापतात, आणि दहांमधल्या एकालाही मूळ प्रत काढून ताडून बघायची गरज वाटत नाही.

प्रत ओळखायची असेल तर दुकानात तीन गोष्टी बघा. अनुक्रमणिकेत रात्री बेचाळीस आहेत का, 'प्रारंभ' आहे का, आणि ही संहिता कोणत्या आवृत्तीवरून घेतली ते कुठे लिहिलंय का. तिसरी गोष्ट मला आजवर फार थोड्या प्रतींत सापडली आहे.

---

खिळामात्रा | २ जानेवारी, रात्री ११.०५

मी तेवीस वर्षं छापखान्यात जुळारी होतो, त्यातली पहिली बारा खिळ्यांवर, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं हाताने जुळवून. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं पुस्तक एकदा छापलं की पुढच्या आवृत्त्या त्याच्याच नकला. खिळ्यांच्या काळात तसं नव्हतं. एक फॉर्मा म्हणजे सोळा पानं. तेवढा जुळवायचा, प्रूफ काढायचं, छापायचं, आणि लगेच खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकायचे, कारण पुढच्या फॉर्म्याला खिळे हवेत. पुस्तक संपलं, मागणी आली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. जुळारी नवा, मुद्रितशोधक नवा. दर वेळी चार चुका दुरुस्त व्हायच्या आणि सहा नव्या यायच्या. एखादी ओळ गळली आणि वाक्याचा अर्थ तरीही लागत असला, तर ती गळालेली कुणाच्या लक्षातसुद्धा यायची नाही. मग पुढची आवृत्ती त्या ओळ गळालेल्या प्रतीवरून जुळायची.

संगणक आल्यावर हे थांबायला हवं होतं. पण संगणकावर पहिल्यांदा टंकताना जी प्रत हाताशी होती, बहुधा सर्वांत अलीकडची, तीच समोर ठेवली गेली. साचलेल्या साऱ्या चुका तिथे कायमच्या झाल्या.

शिवाय आपल्याकडे 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांत फरकच करत नाहीत. नुसतं पुन्हा छापलं तरी 'एकतिसावी आवृत्ती' म्हणतात. ज्या छपाईत मजकुरावर पुन्हा काम झालं तिलाच आवृत्ती म्हणावं, असं आमचे फोरमन सांगायचे.

ताई, आजीची प्रत जपा. १९४८ म्हणजे गुरुजी हयात असतानाची आहे ती. तिला सेलोटेप लावू नका, चिकटपट्टीचा गोंद कागद पिवळा करतो. मऊ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी आडवी ठेवा.

---

फळा_खडू | ३ जानेवारी, सकाळी ७.२०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

आमच्या वर्गात या पुस्तकाच्या सात प्रती होत्या, पाच फाटल्या. फाटल्या म्हणजे पोरांनी फाडल्या नाहीत, वाचून वाचून पानं निघाली. नुसत्या गोंदावर चिकटवलेली बांधणी एका पावसाळ्यात सुटते. मला सोनेरी अक्षरं नकोत. फॉर्मे दोऱ्याने शिवलेले हवेत, अक्षर मोठं हवं आणि किंमत अशी हवी की शाळेला वीस प्रती घेता येतील. पश्चिम बंगाल सरकारने १९६१ साली रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीला त्यांचं समग्र साहित्य स्वस्तात काढलं आणि ते साध्या घरांत पोचलं. तशी आवृत्ती मला हवी आहे.

दुसरं. संक्षिप्त करणं हे पाप नाही. सहावीच्या मुलाला बेचाळीस रात्री सलग झेपत नाहीत. पण 'संक्षिप्त' असं मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहा, कुणी केलं त्याचं नाव द्या. तिथे मी कृष्णाकाठ यांच्या पूर्ण बाजूने आहे.

आणि 'श्यामचे पोहणे' का वगळलं असेल त्याचा अंदाज आहे मला. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारते, ते आजच्या पालकांना खटकतं. मी तो भाग वर्गात मुद्दाम वाचतो. मारणं बरोबर होतं का यावर मुलं अर्धा अर्धा तास बोलतात. एक मुलगी म्हणाली, मारून झाल्यावर आईलाही रडू आलं असणार. हे बोलणं त्या गोष्टीशिवाय झालं नसतं.

---

जुनी_पोथी | ३ जानेवारी, दुपारी १२.५०

सर, तुमचं पटलं. मला संहितेबद्दल आणखी एक सांगायचंय, ते म्हणजे लेखनाबद्दल.

१९३५ साली 'श्यामची आई' पहिल्यांदा निघाली तेव्हा मराठी वेगळ्या तऱ्हेने लिहिली जायची. घरांत, नाहीं, कांहीं, केलें, आईनें. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्यानंतर छापलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या पुस्तकातून ते काढले गेले. लोक म्हणतात, टिंबंच तर गेली. पण काही टिंबं अर्थ सांगत होती.

'तें' म्हणजे ती एक नपुंसकलिंगी गोष्ट, आणि 'ते' म्हणजे ते पुरुष, किंवा आदराने एक जण. टिंब काढलं की दोन्ही 'ते'. तसंच 'ती' म्हणजे एक बाई आणि 'तीं' म्हणजे अनेक मुलं. संदर्भावरून बहुतेक वेळा कळतं, पण दोन 'ते' एका वाक्यात आले की वाचणारा अडखळतो. जुन्या वाचकाला अडखळायला व्हायचं नाही.

मुलांच्या प्रतीत जुने अनुस्वार ठेवा असं मी म्हणत नाही. शाळेत एक शिकायचं आणि पुस्तकात दुसरं, हा त्रास मुलांना का द्यावा? पण अभ्यासासाठी एक तरी आवृत्ती अशी हवी की जिच्यात गुरुजींच्या हयातीतलं लेखन जसंच्या तसं आहे. आणि नवी लेखनपद्धती वापरणाऱ्याने प्रस्तावनेत दोन ओळींत सांगावं, काय बदललं आणि काय नाही.

आपल्याकडे हे कधी झालंच नाही असंही नाही. शंकर पांडुरंग पंडितांनी तुकोबांची गाथा १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत काढली, तेव्हा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखितांतले पाठभेद, म्हणजे शब्दांतले फरक, तळटिपांत दिले. तुकोबांच्या प्रयाणाला तीनशे वर्षं झाली म्हणून १९५० साली मुंबई सरकारने गाथा छापली, पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह, तीही पंडितांच्याच संहितेच्या आधाराने. स्मरणवर्ष असं साजरं होऊ शकतं. माझ्याकडे त्या सरकारी गाथेची पुढच्या एका छपाईची प्रत आहे. कागद साधा, बांधणी साधी, पण अभंगाचा क्रमांक विचारा, आजही त्याच गाथेतला सांगतात.

---

दूरदेशी | ३ जानेवारी, दुपारी ४.३०

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, इथल्या एका ग्रंथालयात काम करते. खिळामात्रा काकांनी लिहिलेलं वाचताना अंगावर काटा आला, कारण हुबेहूब तसंच टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचं झालं होतं.

पहिला खंड १९५४च्या जुलैमध्ये निघाला. मुद्रकांनी लेखकाने मुद्दाम केलेली रूपं 'चुका' समजून बदलली. तो 'ड्वार्व्ह्ज' लिहायचा, त्यांनी 'ड्वार्फ्स' केलं. 'एल्व्हन'चं 'एल्फिन' केलं. प्रुफं वाचताना बिचाऱ्याला ते सगळं पुन्हा मागे फिरवावं लागलं. मग पहिली छपाई संपल्यावर खिळे सोडवलेले होते, म्हणून दुसऱ्या छपाईसाठी पहिला खंड पुन्हा जुळवला गेला, आणि ते ना लेखकाला सांगितलं ना प्रकाशकाला. त्यात नव्या चुका शिरल्या आणि वर्षानुवर्षं तशाच छापल्या गेल्या.

२००४ साली पन्नास वर्षं झाली तेव्हा वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल या दोन अभ्यासकांनी सगळ्या छपाया ताडून, लेखकाच्या मुलाशी सल्लामसलत करून, तीनशे ते चारशे दुरुस्त्या केल्या. पुस्तकाच्या सुरुवातीलाच संहितेचा इतिहास सांगणारं टिपण आहे. शिवाय एक सुंदर गोष्ट. कथेत एक जळकी, फाटकी वही सापडते. टॉल्किनने तिची पानं स्वतः रंगवून, कडा जाळून तयार केली होती, पण १९५४ साली खर्च परवडत नाही म्हणून ती छापली गेली नाहीत. पन्नासाव्या वर्षी ती रंगीत पानं पुस्तकात आली. लेखक जाऊन एकतीस वर्षं झाली होती, तरी त्याची इच्छा कुणीतरी लक्षात ठेवली.

त्या आवृत्तीलाही चामडी बांधणी आणि सोनेरी कड होती. म्हणजे देखणेपण आणि काम यांचं वैर नाही. फक्त आधी काम व्हायला हवं.

---

दापोलीकर | ३ जानेवारी, रात्री ८.१०

पालगड आमच्या तालुक्यातलं. गुरुजींचं घर स्मारक म्हणून जपलंय, कुणी आलात तर जरूर जा.

मला या आवृत्तीत टिपा हव्यात. माझा मुलगा पुण्यात शिकतो. 'पत्रावळ' वाचताना त्याने विचारलं, बाबा, पत्रावळ लावायची म्हणजे दुकानातून आणून मांडायची का? त्याने पानं टाचून केलेली पत्रावळ कधी बघितलीच नाही. एक साधं रेखाचित्र दिलं तर काम होईल. पान कसं घ्यायचं, देठ कुठे, काडीचा टाका कुठून कुठे. तीच गत 'मोरी गाय'ची, तीच ओटी, पडवी, माजघर, आगर यांची. कोकणातलं घर ज्याने बघितलं नाही त्याला आई कुठे उभी आहे आणि श्याम कुठे, हेच डोळ्यांसमोर येत नाही. घराचा एक नकाशा द्या, पालगड-दापोली रस्त्याचा एक नकाशा द्या. श्याम शिकायला दापोलीला होता, ते अंतर पायी किती वाटत असेल ते कळू दे.

त्याहून महत्त्वाची टीप म्हणजे खोती. श्यामचं घर एके काळचं खोतांचं, पुढे कर्जात बुडालेलं. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा शेतसारा गोळा करणारा, आणि त्या जोरावर कुळांवर हुकमत चालवणारा. याच खोतीविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. 'श्यामची आई' निघून जेमतेम दोन वर्षं झाली होती. मुलांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात असं मला फार वाटतं. सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान वाचून मी लहानपणी रडलो होतो. मोठेपणी कळलं की आमच्या पणजोबांनी, जे कूळ होते, असे अपमान पिढ्यान् पिढ्या सोसले होते आणि ते कुणी लिहून ठेवले नाहीत. त्यामुळे गुरुजींवरचं प्रेम कमी झालं नाही. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावणारा माणूस होता तो. पण चांगल्या टिपांनी हे सगळं वाचकापर्यंत आणावं.

---

कृष्णाकाठ | ४ जानेवारी, सकाळी १०.००

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाचीला आजीच्या प्रतीतून वाचून दाखवलं. मला भीती होती की अनुस्वार बघून ती पुस्तक बाजूला ठेवेल. तिने उलट विचारलं, "मावशी, ही टिंबं वाचायची नसतात तर लिहिली कशाला?" मग जुनी_पोथी यांचं 'तें' आणि 'ते' तिला सांगितलं. तिला ते इतकं आवडलं की पुढची दोन पानं तिने बोट ठेवून टिंबं शोधण्यात घालवली.

वाचताना आजीचा आवाज आठवत राहिला. ती एका रात्रीत एकच गोष्ट वाचायची, पुस्तकात जशी रात्र तशी. आम्ही कितीही हट्ट केला तरी दुसरी नाही. आता लक्षात येतं की आश्रमातली ती जमवाजमव, प्रार्थना, 'आज काय सांगणार' हे सगळं वाचल्यामुळेच आम्हीही त्या मंडळींत बसलेले असायचो. तेवढं काढलं की सुट्या सुट्या बोधकथा उरतात. नव्या प्रतीतलं सर्वांत मोठं नुकसान मला हे वाटतं, गाळलेल्या रात्रींपेक्षाही मोठं.

ती प्रत मी परत पाठवतेय. प्रकाशकाला सविस्तर पत्र लिहिलंय, पुढच्या छपाईत 'संक्षिप्त' शब्द घालावा एवढीच विनंती केली आहे.

---

जुनी_पोथी | ४ जानेवारी, दुपारी २.१५

एक प्रस्ताव मांडते. विनोबांची गीता-प्रवचनं आपल्याला मिळाली कारण १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी साने गुरुजी समोर बसून ती लिहून घेत होते. दुसऱ्याचा शब्द न् शब्द जपणाऱ्या त्या माणसाच्या पुस्तकासाठी आपण एवढं करू शकतो.

ज्यांच्याकडे १९५० पूर्वीची प्रत आहे त्यांनी हात वर करा. एकेकाने दोन-दोन रात्री घ्यायच्या, जुनी प्रत आणि आजची पूर्ण प्रत ओळीने ताडायची, फरक वहीत मांडायचे. लेखन खुलं आहे, त्यामुळे ताडलेली संहिता सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवायला अडचण नाही. वकिली_बाणा, बरोबर ना?

---

वकिली_बाणा | ४ जानेवारी, दुपारी २.४०

बरोबर. फक्त जुन्या प्रतींतली चित्रं आणि इतरांच्या प्रस्तावना आत्ता घेऊ नका. त्यांचे हक्क वेगळ्यांचे असतात, ते एकेक करून तपासावे लागतील. गुरुजींचा मजकूर निर्धास्त घ्या. मी पहिली आणि दुसरी रात्र घेतो.

---

खिळामात्रा | ४ जानेवारी, सायंकाळी ५.३०

ताडणी एकट्याने करू नका. छापखान्यात एक जण मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रुफावर डोळा ठेवायचा. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा बोलायचा, 'स्वल्प', 'पूर्ण', 'अवतरण सुरू'. एकटा माणूस वाचू लागला की डोळा ओळखीचा शब्द आपोआप पुरा करतो आणि चूक निसटते. माझे डोळे आता साथ देत नाहीत, पण फोनवर वाचून दाखवलंत तर मी ऐकायला बसेन. सकाळी अकरा ते एक मोकळा असतो.

---

फळा_खडू | ४ जानेवारी, सायंकाळी ६.०५

काका, आमची सातवीची मुलं जोडीजोडीने हे करतील. शनिवारचा शेवटचा तास देतो. फक्त आमच्याकडे जुनी प्रत नाही, पानांचे फोटो लागतील.

---

कृष्णाकाठ | ४ जानेवारी, रात्री ९.२०

फोटो मी काढते, रोज दहा पानं. खिडकीजवळ ठेवून, पाठीवर ताण येऊ न देता. एक अडचण आहे. आजीच्या प्रतीत 'पत्रावळ'चं एक पान अर्धं फाटलेलं आहे, खालच्या आठ-नऊ ओळी नाहीत. कुणाकडे गुरुजींच्या हयातीतली दुसरी प्रत आहे का?

---

दापोलीकर | ४ जानेवारी, रात्री ९.५५

आमच्या गावच्या वाचनालयात कपाटात एक आहे, मुखपृष्ठ गेलंय पण आत १९४६ साल छापलेलं मी बघितलंय. सोमवारी वाचनालय उघडतं. किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना आत्ताच फोन केला. 'पत्रावळ' आधी पाठवतो.